गोरंटीची दहा बोटं

मुलीचा देश आपल्या गावात येतोय, ही बातमी मुलीनेच मला फोनवर दिली. मला ती काही केल्या समजेना. देश कसा येईल? देश जागच्या जागी असतो, माणसं तिकडे जातात. मग तिने नीट सांगितलं. त्यांच्या सरकारच्या इमिग्रेशन खात्याचं एक फिरतं पथक असतं. ज्या गावात व्हिसाचं केंद्र नाही तिथे ते दोन दिवस येऊन बसतं, कागद तपासतं, फोटो काढतं, बोटांचे ठसे घेतं आणि पुढच्या गावाला जातं. येत्या मंगळवारी आणि बुधवारी ते म्हैसूरला एका हॉटेलच्या लग्नाच्या हॉलमध्ये बसणार होतं.

"आई, बंगळूरला पुढचे सहा आठवडे एकही तारीख नाहीये," ती म्हणाली. "ही चुकली तर तू बाळाच्या आधी पोचत नाहीस."

"चुकेल कशी?" मी म्हटलं. "मी आहे ना!"

हे मी नुसतं धीर द्यायला म्हटलं नव्हतं. साताऱ्याच्या एका कॉलेजात मी अठरा वर्षं परीक्षेच्या अर्जांच्या खिडकीत बसलेली बाई आहे. अर्ज परत करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. फोटोवरची सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर नसेल तर अर्ज परत. वडलांचं नाव आधी, आडनाव मागून लिहिलं असेल तर परत. पोरं माझ्या पाठीमागे मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नसे. पुढे ह्यांची बदली म्हैसूरला झाली, मुलगी दहा वर्षांची होती, मी नोकरी सोडून इकडे आले. नोकरी सुटली पण खोड सुटली नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे विम्याचे, गॅसचे, पेन्शनचे अर्ज मी अजूनही तपासून देते आणि चूक दिसली की दोन शब्द ऐकवतेही.

पण स्वतःच्या बाबतीत मी एकदा गाफील राहिले होते, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा मला तिच्याकडे जाताच आलं नाही, कारण माझ्या पासपोर्टची मुदत संपून वर्ष झालं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! ती तिकडे हॉस्पिटलात आणि मी इकडे स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी. "आई, तू असतीस तर," एवढंच ती म्हणाली होती. ते वाक्य तिने पुरं केलं नाही, आणि मी दोन वर्षं रोज ते माझ्या परीने पुरं करत आले.

म्हणून या वेळी मी कंबर कसली. निळी फाइल आणली. त्या सरकारच्या वेबसाइटवरून सूचनांची सहा पानं छापून घेतली आणि एकेका ओळीवर पेनाने खूण करत गेले. पासपोर्ट, झाला. मुलीचं आमंत्रणपत्र, झालं. घराची कागदपत्रं, झाली. चौथ्या पानावर एक ओळ होती: ठसे देताना बोटांवर जखम, पट्टी किंवा मेंदी असू नये. त्या ओळीवर मी आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'लागू नाही'. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली होती. कुणी मला बंदी केली नव्हती, पण त्या दिवसापासून माझ्या हाताला मेंदीचं बोट लागलं नव्हतं आणि लागेल असं मनातही आलं नव्हतं. मी पान उलटलं.

तारीख मिळाली, मंगळवार, सकाळी अकरा वीस. आणि मग माझ्या अंगात जे काही संचारलं ते मी कुणाला सांगितलं तर हसतील. मी साडी तीन वेळा बदलून पाहिली. फोटोसाठी हसायचं नाही अशी सूचना होती, म्हणून आरशासमोर न हसण्याचा सराव केला आणि दर वेळी हसू फुटलं. सोमवारी दुपारी मी फाइल उघडून पुन्हा पुन्हा कागद मोजत होते, तेवढ्यात मागच्या दाराने अक्का आल्या.

अक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या बाई, माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते. त्यांच्या घरात आजही मराठी बोलतात, पण त्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड. सुरुवातीला ती भाषा ऐकताना मला भातात खडा लागल्यासारखं व्हायचं. माझी मुलगी मात्र दोन महिन्यांत तशीच बोलायला लागली, कारण शाळा सुटली की ती आधी अक्कांच्या घरी शिरायची. तिथे चित्रान्न खायची, तिथेच गृहपाठ करायची, आणि अक्का तिच्या डोक्याला वाटीभर खोबरेल चोपडून तिला घट्ट वेण्या घालून परत पाठवायच्या. अक्कांचं स्वतःचं डोकं तर विचारूच नका. रोज सकाळी त्या टाळूवर इतकं तेल थापतात की त्यावर बसलेली माशी घसरून पडेल, असं हे म्हणायचे. मला त्या तेलाचा वास आवडत नाही. माझे केस कापलेले, कोरडे, आणि अक्का दिसल्या की मी जरा लांबच उभी राहते.

त्या सोमवारी त्यांच्या हातात एक वाडगा होता आणि वाडग्यात हिरवा लगदा. आषाढात इथल्या बायका मेंदीचा ओला पाला वाटून हाताला लावतात. गोरंटी म्हणतात तिला. नक्षी-बिक्षी काही नाही. तळहातावर मधोमध एक मोठा गोल आणि दहाही बोटांच्या टोकांना टोप्या घातल्यासारखं थापायचं.

"हात दावा वैनी," अक्का म्हणाल्या.

"मला नको, अक्का. तुम्हाला माहीत आहे."

"सुम्मने गप्प बसा हो. मला काय माहीत नाही ते सांगू नका." त्यांनी माझ्यासमोर पाट ओढला. "तुमचे यजमान माझ्या भावासारखे होते ना, अल्वा? त्यांना काय तुमचे कोरे हात बघायला बरं वाटत असेल? नात येणार. नातीला घ्यायला जाणारी आजी आषाढात कोऱ्या हातानं जाते काय? नोडी, हा बघा, पाला सकाळीच तोडला. माझ्याच झाडाचा आहे."

मी हात पुढे केला. का केला, ते अजून नेमकं सांगता येणार नाही. इतकी खूश होते की नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. लगदा गार होता. अक्कांनी एकेक बोट असं काही मन लावून थापलं की दहा बोटांना अर्धा तास लागला. मग दोन तास मी हात वर धरून बसले आणि त्या मला घास भरवत राहिल्या. संध्याकाळी धुतले तेव्हा बोटांची टोकं गर्द लाल, जवळजवळ काळपट झाली होती. मी हात दिव्याखाली धरून पाहिले. खरं सांगते, सुंदर दिसत होते. चार वर्षांत मी माझ्या हातांकडे असं पाहिलंच नव्हतं. निळी फाइल तिथेच शेजारी, टेबलावर पडली होती.

मंगळवारी सकाळी त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मला वाटलं, मी निम्मी पोचलेच. जिथे एरवी नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथे त्या देशाचा झेंडा होता. पडद्यांनी पाच कप्पे केलेले, प्रत्येकात एक टेबल आणि एक यंत्र. खुद्द त्या देशाचा एक उंच साहेब कोट घालून मधून मधून फिरत होता आणि लोक त्याच्याकडे असे बघत होते, जणू व्हिसा त्याच्या खिशातच आहे. माझ्या शेजारी हुणसूरहून पहिल्या बसने आलेलं एक जोडपं होतं, लेकाकडे निघालेलं. बाई लग्नातला रेशमी शालू नेसून आली होती. गृहस्थ तंबाखूच्या शेतातले. तंबाखूची पानं हाताळून हाताळून त्यांची बोटं काळी पडली होती आणि सकाळपासून आपण साबणाने किती वेळा हात धुतले ते ते मला सांगत होते. मी त्यांचे कागद मागून घेऊन तपासले. राहवेना, काय करणार! एका फोटोकॉपीवर सही राहिली होती. मी त्यांना चांगलं सुनावलं आणि माझं पेन दिलं.

माझा नंबर आला. कागद तपासणाऱ्या तरुणाने माझी फाइल चाळली आणि म्हणाला, "मॅडम, इतकी व्यवस्थित फाइल आज पहिलीच." मला मूठभर मांस चढलं. फोटो झाला, मी हसले नाही. मग शेवटच्या कप्प्यात ठसे. यंत्राशी बसलेल्या मुलीने काचेकडे बोट दाखवलं. मी उजव्या हाताची चार बोटं ऐटीत काचेवर ठेवली.

मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे, मग माझ्याकडे.

"मॅडम, ही मेंदी?"

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर चौथं पान उभं राहिलं. माझी आडवी रेघ, माझं अक्षर, 'लागू नाही'. एसीच्या गार वाऱ्यात बसूनही मला दरदरून घाम फुटला.

तिने बिचारीने सहा वेळा प्रयत्न केला. यंत्र दर वेळी लाल होई. पडद्यावर माझी बोटं म्हणजे चार काळे डाग, रेषेचं नाव नाही. शेवटी तो उंच साहेब आला. त्याने माझे हात पाहिले, हसला आणि त्याच्या भाषेत म्हणाला की हे फार सुंदर आहे, पण यंत्राला सौंदर्य कळत नाही. मग यंत्रावरच्या मुलीने उद्याची शेवटची वेळ मला दिली, दुपारी साडेचार. "पण मॅडम, घासू नका हं," ती म्हणाली. "घासलं तर रेषाच जातात. मग आम्हालाही काही करता येत नाही. आणि पाच वाजता आम्ही यंत्रं बंद करून निघतो."

अठरा वर्षं मी अर्ज परत करत होते. परत आलेला अर्ज हातात घेऊन पायऱ्या उतरताना कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

रिक्षा दारात थांबली तेव्हा अक्का ओट्यावर वाटच बघत होत्या. "आयतु? झालं?" त्यांनी उत्साहाने विचारलं. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रस्त्यात उभी राहून बोलले. नको ते बोलले. तुमच्या त्या पाल्यामुळे सगळं बुडालं म्हटलं. माझ्या घरात लुडबूड करायला तुम्हाला सांगितलं कुणी, म्हटलं. आणि शेवटी तोंडातून निघून गेलं, "गेल्या वेळीही ती एकटी होती, आता परत एकटी राहील, आणि याला कारण तुम्ही!"

अक्कांचे हात पदराखाली गेले. त्यांच्याही बोटांना गोरंटी होती, ती त्यांनी झाकून घेतली असावी. गेल्या वेळी रात्रंदिवस माझ्या मुलीशी फोनवर बोलत राहिलेली बाई हीच होती, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी दार लावून घेतलं.

मग सुरू झाली माझी मोहीम. लिंबू लावलं. खाण्याचा सोडा लावला. दोन्ही एकत्र लावले, ते फसफसलं आणि पुढे काही झालं नाही. चिंचेच्या कोळात हात बुडवून बसले. टूथपेस्ट चोळली. मुलीला फोन करायचं धैर्य होईना, "झाला का?" असा तिचा मेसेज आला, त्याला मी "चालू आहे" असं उत्तर पाठवलं. दुपारी देवराज मोहल्ल्यात गेले. तिथल्या एका सराफाकडे बाळासाठी चांदीचे वाळे करायला टाकले होते, ते आणायचेच होते. वाळे बघता बघता मी हळूच विचारलं, तुमच्याकडे उजळवायची पावडर असते ना, ती थोडी मिळेल का? म्हाताऱ्या सराफाने चष्म्यावरून माझ्या बोटांकडे पाहिलं. "अम्मा, ती चांदीला आहे," तो म्हणाला. "कातडीला लावली तर कातडीच जाईल." मी वाळे घेऊन निमूट परत आले.

संध्याकाळी मी घासू नका ही सूचना मोडली. डाव्या हाताच्या तर्जनीवर काथ्या फिरवला. रंग जरा फिका झाला म्हणून आणखी फिरवला. बोट लालबुंद झालं, झोंबायला लागलं, आणि मग मी घाबरले. रंगापायी रेषा गेल्या तर? घाईघाईने त्यावर पाणी ओतलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या दिवशी मोरीत उभा असलेला पाहिला. नऊ लाल बोटं आणि एक सोललेलं बोट घेऊन मी रडले. कुणी बघत नव्हतं, त्यामुळे चांगली मोकळेपणाने रडले.

बुधवारी चार वाजता मी पुन्हा त्या हॉलच्या दारात होते. आदल्या दिवसाची गर्दी ओसरली होती. मला आत सोडलं. त्याच मुलीने मला ओळखलं आणि खुर्ची पुढे केली. "बघू या मॅडम," ती म्हणाली. मी बोटं ठेवली. रंग खरंच उतरला होता, पडद्यावर आज रेषा दिसत होत्या, पण तुटक तुटक, पावसात भिजलेल्या पत्रासारख्या. यंत्र लाल. पुन्हा लाल.

"आज मेंदीचं नाही एवढं," ती विचार करत म्हणाली. "आज बोटं फार कोरडी आहेत. काही लावलं होतं का?"

लिंबू, सोडा, चिंच, टूथपेस्ट. काय नव्हतं लावलं! माझी बोटं पापडासारखी झाली होती. तिने ओल्या कपड्याने पुसून पाहिली, तर रेषा फराट्यासारख्या पसरल्या. "आणखी दोघं आहेत माझ्याकडे," तिने घड्याळ पाहिलं. "त्यांचं करते. तुम्ही पंधरा मिनिटं बाहेर वाऱ्यावर बसा. मग एकदा शेवटचं बघू."

मी बाहेर आले. व्हरांड्यात कोपऱ्यातल्या बाकावर अक्का बसल्या होत्या.

मला क्षणभर भास वाटला. त्यांना मी सांगितलं नव्हतं, आणलं नव्हतं, कालपासून बोललेही नव्हते. माझी रिक्षा गेल्यावर मागोमाग सिटी बसने आल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी. मला बघून उभ्या राहिल्या, पण पुढे आल्या नाहीत.

"होत नाही," मी म्हटलं. "आता म्हणे बोटं कोरडी आहेत."

"कोरडी? अष्टेना? एवढंच?" अक्कांचा चेहरा एकदम उजळला. "अय्यो वैनी, ते मला विचारायचं! रेशनच्या दुकानात दर महिन्याला माझा अंगठा घेत नाही मिशन. म्हाताऱ्या माणसांचा कुणाचाच घेत नाही. दुकानदार काय सांगतो ठाऊक आहे? अज्जी, बोट कपाळावर फिरव, केसात फिरव, मग ठेव. अंगचं तेल लागलं की लगेच घेतंय बघा. फिरवा, फिरवा."

मी घाईने बोटं कपाळावर फिरवली. कपाळाला पावडर. केसात फिरवली. केस कोरडे ठणठणीत, कालच शांपू केलेला. बोटांना भुरकटपणा तेवढा लागला.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि माझ्यासमोर मान खाली केली.

"माझ्या डोक्यावर फिरवा," त्या म्हणाल्या.

समोर त्यांची पांढरी, तेलाने चपचपीत टाळू होती. जिच्यापासून मी वीस वर्षं दोन हात लांब उभी राहिले ती. मी दहाही बोटं तिच्यावर ठेवली. हळूच, मागून पुढे, मग कानशिलांवरून खाली. डोकं ऊन होतं. व्हरांड्यातून जाणारा कुणी तरी म्हातारा थबकून बघायला लागला. त्याला वाटलं असेल, ही धाकटी बाई मोठीची दृष्ट काढतेय. "अक्का," मी म्हटलं, "काल मी..."

"आता बोलू नका, तेल वाळेल," अक्का खाली मान घालूनच म्हणाल्या. "आधी जाऊन या."

मी जवळजवळ धावतच आत गेले. एकसष्टाव्या वर्षी, साडी वर धरून. यंत्रावरच्या मुलीने माझी बोटं हलकेच कागदावर टेकवून जास्तीचं तेल टिपलं. उजवा हात ठेवला. यंत्र विचार करत राहिलं आणि हिरवं झालं. डावा हात. सोललेल्या तर्जनीने माझा जीव टांगणीला लावला, एकदा लाल झालं, मुलीने बोट जरा डावीकडे दाबलं, आणि हिरवं! दोन अंगठे, हिरवं! मी ओरडलेच. पलीकडच्या कप्प्यातून तो उंच साहेब डोकावला. त्याने अंगठा वर केला आणि मीही माझा तेलकट अंगठा वर केला. घड्याळात पाच वाजायला सहा मिनिटं होती.

बाहेर येऊन मी अक्कांना नुसती मान हलवली. त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या चेहऱ्यावरून अलाबला घेतली आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. येताना दोघी एका रिक्षात बसून आलो. वाटेत मी मुलीला फोन लावला आणि फोन अक्कांच्या हातात दिला. त्या दोघी कन्नडमध्ये काय बोलल्या ते मला निम्मं कळलं, पण दोघी हसत होत्या.

व्हिसा तीन आठवड्यांनी आला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का मागच्या दारात आल्या. हात रिकामे होते. मी समोर दोन्ही तळहात पसरले.

"गोल घाला," मी म्हटलं. "बोटं सोडून. तिकडे उतरल्यावर विमानतळावर परत बोटं मागतात. पाचव्या पानावर लिहिलंय."

अक्का झाडाकडे अशा पळाल्या की चप्पल दारातच राहिली. जाताना त्यांनी खोबरेल तेलाची एक छोटी बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून माझ्या बॅगेत कोंबली. मी बॅगेची चेन लावून घेतली.

तिकडच्या विमानतळावर काचेवर चार बोटं ठेवली आणि पहिल्या झटक्यात हिरवं झालं. माझ्या हिशेबाने बाळाला अजून अकरा दिवस होते. बाहेर गर्दीत मुलगी उभी होती, दोन्ही हात कमरेवर, पोट केवढं तरी पुढे आलेलं. ती मिठी मारायला आली आणि मध्येच थांबली. तिने माझे हात धरले, उलटे केले, आणि तळव्यांवरचे लाल गोल बघत राहिली. तिच्या बाबांनंतर तिने माझे हात असे पाहिले नव्हते.

"अक्कांनी?" तिने विचारलं.

मी मान हलवली. मी दहाही बोटं तिच्या डोक्यावर ठेवली आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल, तर केस. कोरडे, काटक्यांसारखे.

"अगं, तेल लावत नाहीस का केसांना?" मी रागावून म्हटलं. ती हसता हसता रडायला लागली, आणि तिथेच, बाकावर तिला बसवून, मी बॅगेतून अक्कांची बाटली काढली.